टोकियोत मुलाबाळांसह राहायला येताय? आधी वॉर्ड ओळखा, मग रविवार ठरवा

टोकियोत नव्यानं आलेलं मराठी कुटुंब पहिल्या दोन-तीन रविवारी कुठे जातं, हे आता इथे सगळ्यांना पाठ झालंय. असाकुसाचं देऊळ, शिबुयाचा चौक, स्कायट्री. बाबागाडी ढकलत लिफ्ट शोधायची, धाकटं गर्दीला कंटाळून रडतं, थोरल्याला तासाभरात भूक लागते, शाकाहारी काही सापडत नाही म्हणून बटाट्याच्या फ्राइजवर भागवायचं (त्याही इथे अनेक ठिकाणी जनावराच्या चरबीत तळतात), आणि रात्री घरी आल्यावर ठरतं, की पुढचा रविवार घरीच.

मुलांसाठीच्या इथल्या उत्तम गोष्टी घरापासून सायकलच्या अंतरावर असतात आणि बहुतेक फुकट किंवा नाममात्र दरात असतात. पण त्या पर्यटकांच्या यादीत येत नाहीत. त्या वॉर्डाच्या पत्रकात असतात, जपानी भाषेत, बारीक अक्षरात. टोकियोतले २३ वॉर्ड म्हणजे जवळजवळ स्वतंत्र नगरपालिकाच. प्रत्येकाचा निवडून आलेला महापौर, सभागृह, बागा, वाचनालयं, दवाखान्याच्या सवलती. त्यामुळे या लेखात आधी वॉर्ड येईल आणि सहली नंतर.

उदाहरणं मी एदोगावा वॉर्डाची, त्यातही निशि-कासाईची देते. जपानमध्ये भारतीयांची सगळ्यात मोठी वस्ती याच वॉर्डात आहे. २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेली मंडळी तोझाई मेट्रो लाइनवरून ओतेमाचीच्या बँकांत जायला सोपं म्हणून इथे राहिली आणि मागून त्यांची कुटुंबं आली. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून गेले. तुमचं घर ओसाका, योकोहामा किंवा नागोयात असेल तर नावं आणि रकमा बदलतील, पण कामाचा क्रम बहुतेक हाच राहील.

पहिले चौदा दिवस

नारिता किंवा हानेदाला उतरल्यावर इमिग्रेशनच्या खिडकीवरच झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, मिळतं. १६ वर्षांवरच्या प्रत्येकानं ते घराबाहेर पडताना जवळ ठेवायचंच असतं. राहायचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्डाच्या कार्यालयात, जाऊन तो नोंदवायचा. ही एक नोंद झाली की पुढची सगळी दारं उघडतात, आणि ती होईपर्यंत बँक खातंही अडतं.

जाताना सगळ्यांची कार्डं आणि पासपोर्ट घ्या. लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले जपानी भाषांतरासह न्या, कारण घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं काय, याचा पुरावा मागतात. हे भाषांतर भारतातून निघायच्या आधीच करून ठेवलंत तर एक हेलपाटा वाचेल. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला जाणं शक्यतो टाळा. इथलं शाळा-कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि त्या पंधरवड्यात निम्मं जपान घर बदलत असतं.

एका चकरेत क्रम असा लावा. आधी पत्त्याची नोंद, आणि तिथेच जूमिनह्यो म्हणजे रहिवासाचा दाखला मागून घ्या. बँकेला, फोनला लागतो. मग आरोग्यविमा. कंपनीचा विमा असेल तर ते काम कंपनी करते, नसेल तर राष्ट्रीय आरोग्यविम्याच्या खिडकीवर तुम्हालाच नाव घालावं लागतं. भारतीय कंपनीनं तात्पुरतं पाठवलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, पण तो फक्त पेन्शनपुरता. आरोग्यविमा त्यात येत नाही, तो इथे काढावाच लागतो.

त्यानंतर मुलांची खिडकी. जिदो तेआते हा मुलांसाठीचा भत्ता परदेशी रहिवाशांनाही मिळतो. ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट राहिलेली नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला महिना १५,००० येन, त्यापुढे १८ वर्षांच्या टप्प्यापर्यंत १०,००० येन, आणि तिसऱ्या अपत्यापासून ३०,००० येन. अर्ज मात्र तुम्हीच करायचा, तोही राहायला आल्यापासून १५ दिवसांत. उशीर झाला तर मधल्या महिन्यांचे पैसे गेले. मुलं भारतात आणि तुम्ही एकटेच इथे असाल, तर हा भत्ता लागू होत नाही.

त्याच मजल्यावर मुलांच्या औषधोपचाराचा दाखला मागा. विमा असला तरी मोठ्यांना बिलाच्या ३० टक्के भरावे लागतात. टोकियोच्या २३ वॉर्डांत १८ वर्षांच्या टप्प्यापर्यंत मुलांचा हा वाटा वॉर्ड भरतो, म्हणजे बालरोगतज्ज्ञाकडे खिशातून काही जात नाही. शिवाय टोकियो महानगराची महिना ५,००० येनची शून्य-ते-अठरा योजना आहे. ती वेगळी, तिचा अर्ज वेगळा.

निघण्यापूर्वी चार कागद मागून घ्या: कचऱ्याचं वेळापत्रक, पुराचा नकाशा, बागांचा नकाशा आणि कोहो. कोहो म्हणजे वॉर्डाचं वार्तापत्र. फुकट असतं, स्टेशनवर आणि वाचनालयातही ठेवलेलं असतं. फोनचा कॅमेरा त्यावर धरला की भाषांतर होतं. कुठल्या बागेत कधी मेळा, कुठल्या केंद्रात मुलांसाठी मातीकाम, पोहण्याचे वर्ग कधी, सगळं त्यात असतं. "मुलांना इथे कुठे न्यायचं गं?" असं कुणी विचारलं की मी आधी हेच पत्रक हातात ठेवते.

दवाखाना

शोनिका म्हणजे मुलांचा दवाखाना घराजवळचाच निवडा आणि मूल ठणठणीत असतानाच एकदा लसीच्या निमित्तानं जाऊन या. भारतातलं लसीकरणाचं पुस्तक वॉर्डाच्या आरोग्य केंद्रात दाखवलंत की उरलेल्या लसींचे फॉर्म मिळतात. नियमित यादीतल्या लसी मोफत आहेत. बरेच दवाखाने आठवड्यात मधल्या एखाद्या दिवशी दुपारनंतर किंवा पूर्ण बंद असतात. तो दिवस फ्रिजवर लिहून ठेवा. मुलं नेमकी त्याच दिवशी तापतात.

रात्री ताप चढला आणि न्यावं की थांबावं कळेना, तर #८००० वर फोन करा. मुलांच्या आजारपणाबद्दल सल्ला मिळतो. टोकियोत #७११९ हा सर्वसाधारण सल्ल्याचा क्रमांक आहे. खरोखरची आणीबाणी असेल तर ११९, रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत. पोलिसांचा क्रमांक ११०. घराचा पत्ता जपानीत बोलता येईल असा रोमन किंवा देवनागरीत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवा. घाईच्या वेळी चोमे आणि बांची (पत्त्यातले भागाचे आणि जागेचे क्रमांक) तोंडातून निघत नाहीत.

कचरा आणि शेजार

शेजाऱ्यांशी पहिला संबंध कचऱ्यावरूनच येतो, म्हणून तो नीट समजून घ्या. एदोगावात जाळायचा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, आणि बाटल्या, डबे, कागद असं पुनर्वापराचं सामान आठवड्यातून एकदा नेतात. सकाळी आठच्या आत ठरलेल्या जागी ठेवायचा, आदल्या रात्री ठेवायचा नाही. पिशव्या कावळ्यांच्या जाळीखाली नीट सरकवा. इथले कावळे आपल्या कावळ्यांच्या दीडपट दिसतात आणि खरकटं त्यांना दुरून दिसतं. पेट बाटलीचं झाकण आणि वेष्टन काढून, आतून विसळून, चेपून टाकायची.

दिवाळीत प्रश्न येतो तेलाचा. चकल्या-शंकरपाळे झाल्यावर कढईतलं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. शंभर येनच्या दुकानात तेल गोठवायची पूड मिळते. गॅस बंद केल्यावर तेल चांगलं गरम असतानाच पाकीट त्यात रिकामं करून ढवळायचं आणि कढई तशीच ठेवायची. सकाळी सायीसारखा जाड, पिवळट थर बसलेला असतो. उलथन्यानं कडेनं सोडवला की अख्खी चकती सुटून येते, ती जाळायच्या कचऱ्यात जाते. पूड नसेल तर दुधाच्या रिकाम्या खोक्यात वर्तमानपत्र कोंबून त्यात गार झालेलं तेल जिरवा.

मोठं सामान, म्हणजे गादी, टेबल, सायकल, हे सोदाई गोमी. फोन किंवा संकेतस्थळावरून दिवस ठरवायचा, कोनबिनीतून म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून ठरलेल्या किमतीचं चिकटपत्र आणायचं आणि सामानावर लावून त्या सकाळी बाहेर ठेवायचं. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी यात येत नाहीत. त्यांचा कायदाच वेगळा आहे आणि टाकायला पैसे मोजावे लागतात. भारतात परतणाऱ्या कुटुंबाकडून फ्रिज फुकट मिळतोय म्हणून हुरळून जाण्यापूर्वी, पुढे तो टाकायचा खर्च तुमच्या गळ्यात येणार आहे हे ध्यानात ठेवा.

घर घेताना यूआरच्या इमारती जरूर बघा. ही सरकारी गृहसंस्था रेइकिन घेत नाही (रेइकिन म्हणजे घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम), जामीनदार मागत नाही आणि करार नूतनीकरणाचे पैसेही घेत नाही. राहायला गेल्यावर वरच्या, खालच्या आणि बाजूच्या घरी छोटीशी भेट घेऊन जा. टॉवेल किंवा बिस्किटांचा पुडा पुरतो. घरात लहान मूल आहे, पायांचा आवाज होईल, एवढं तेव्हाच सांगून टाका. खालच्या घरातून तक्रार यायच्या आधी आपण बोललेलं बरं. जाड चटया अंथरा, आणि मिक्सर सकाळी सातच्या आधी किंवा रात्री नवानंतर लावू नका.

ये-जा

सुइका किंवा पास्मो हे भाडं भरायचं कार्ड सगळ्यांना लागतं. सहा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात, एका मोठ्यामागे दोन. प्राथमिक शाळेतल्या मुलांना अर्धं भाडं, पण त्यासाठी मुलांचं वेगळं कार्ड, वयाचा पुरावा दाखवून काढावं लागतं. ओदाक्यू लाइनवर मुलांच्या कार्डाला मार्च २०२२ पासून कितीही लांब जा, ५० येनच पडतात. त्या बाजूला राहणाऱ्यांनी याचा भरपूर फायदा घ्यावा.

बाबागाडी रेल्वेत न मिटता नेता येते, तोएइच्या म्हणजे टोकियो महानगराच्या बसमध्येही. पण सकाळी साडेसात ते नऊ तोझाई लाइनवर बाबागाडी घेऊन चढू नका. कोरोनापूर्वी किबा ते मोंझेन-नाकाचो या टप्प्यात गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली गेली होती. डोंबिवलीची लोकल पाहिलेल्यांना हसू येईल, पण तिथे मूल मांडीवर घ्यायला कुणीतरी हात पुढे करतं. इथे सगळे डोळे मिटून असतात.

मामाचारी, म्हणजे मुलांची सीट लावलेली सायकल, घेतली की वॉर्ड खऱ्या अर्थानं हाताशी येतो. बॅटरीची घ्या. जुनी घेतलीत तरी बॅटरीचं वय विचारा. शाळेत न जाणाऱ्या वयाचं एक मूल नेता येतं, दोन न्यायची असतील तर त्यासाठीच मान्यता असलेली सायकल लागते. सायकलची पोलिस नोंदणी सक्तीची आहे, जुनी घेतली तर नाव बदलून घ्या. टोकियोत एप्रिल २०२० पासून सायकलचा विमाही बंधनकारक आहे. हेल्मेट एप्रिल २०२३ पासून सर्व वयांना घालायला सांगितलेलं आहे. मुलांना तर घालाच. एप्रिल २०२६ पासून सोळा वर्षांवरच्या सायकलस्वारांना जागेवर दंडाची पावती मिळते: हातात फोन धरून चालवली तर १२,००० येन, सिग्नल तोडला तर ६,०००. पावसात छत्री धरून चालवणंही त्यात येतं, म्हणून सायकलचा रेनकोट घ्या. स्टेशनबाहेर कुठेही लावून गेलात तर वॉर्डाची गाडी ती उचलून नेते.

खाणं

मांसाहारी घरांना इथे फारसा प्रश्न नाही. शाकाहारी असाल तर अडचण मांसापेक्षा दाशीची असते. सुक्या बोनिटो माशाचा हा अर्क मिसो सूप, उदोन (गव्हाच्या जाड शेवया), सोबाची (कुट्टूच्या शेवयांची) चटणी, अंड्याचं गोड आम्लेट, कधी कधी लोणच्यातही असतो आणि इथे त्याला कुणी मासा म्हणून मोजत नाही. "व्हेजिटेरियन" एवढंच सांगितलंत तर वरचे मांसाचे तुकडे काढून उरलेलं समोर येतं. त्यापेक्षा स्पष्ट सांगा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशी मो दामे देस" (मांस, मासे खात नाही, दाशीही चालत नाही). अंडं नको असेल तर "तामागो मो" जोडा.

पाकिटावरच्या ॲलर्जीच्या चौकटीवर शाकाहारींनी विसंबू नये. त्यात सक्तीनं लिहायच्या गोष्टी ठरावीकच आहेत: अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, सोबा, शेंगदाणे, अक्रोड वगैरे. बोनिटो त्यात नाही, डुकराची चरबीही नाही. म्हणून घटकांची पूर्ण यादी कॅमेऱ्यानं वाचा. करीच्या तयार वड्या, कॉन्सोमे चवीचे चिप्स, जेलीच्या गोळ्या, काही पाव या ठिकाणी हमखास काहीतरी सापडतं.

सहलीला सरळ डबा न्या. तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेथीचे ठेपले बागेत चटईवर बसून खाण्यात कुणालाही वावगं वाटत नाही, सगळे तेच करत असतात. मात्र शहरातल्या साध्या गाड्यांत खाऊ नका, लांब पल्ल्याच्या गाडीत चालतं. वाटेत भूक लागली तर केळी, उकडलेले एदामामे, नुसत्या मिठाचा भात-गोळा (शिओ मुसुबी), आणि थंडीत सुपरमार्केटच्या दाराशी गरम ठेवलेलं भाजलेलं रताळं. हे रताळं उपासालाही चालतं आणि नुसतं इतकं गोड असतं की मुलं दुसरं काही मागत नाहीत. टोकियो स्टेशनच्या फाटकाच्या आत टीज् तानतान नावाचं पूर्ण शाकाहारी रामेनचं दुकान आहे, आणि कोकोइचिबान्याच्या बऱ्याच शाखांत प्राणिजन्य घटक नसलेली करी मिळते. दोन्ही ठिकाणी मुलांसाठी तिखट कमी करून मागता येतं का ते आधी विचारा.

किराण्यासाठी निशि-कासाई आणि शिन-ओकुबोतली भारतीय दुकानं आहेतच. विरजणाला साधं बिनसाखरेचं दही चालतं. दूध घेताना खोक्यावर "ग्यून्यू" आहे ना ते बघा, स्वस्तातली बरीच खोकी प्रक्रिया केलेल्या पातळ दुधाची असतात आणि त्यांना साय धरत नाही.

जवळचे रविवार

आता फिरणं. नियम एकच: आधी सुट्टीचा वार बघायचा. बहुतेक सार्वजनिक ठिकाणं सोमवारी बंद असतात, सोमवारी सरकारी सुट्टी आली तर मंगळवारी.

निशि-कासाई स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर ग्योसेन बाग आहे आणि तिच्यात वॉर्डाचं छोटं प्राणिसंग्रहालय. प्रवेश फुकट. लाल पांडा, पेंग्विन, प्रेअरी डॉग आहेत, पण मुलं रमतात ती हात लावायच्या कोपऱ्यात. आधी हात धुवायचे, मग बाकावर पाय जुळवून बसायचं. गिनीपिग मांडीवर आला की पहिली काही मिनिटं मूल श्वासही घेत नाही, हात हवेत तसाच. मग एक बोट पाठीवर. तो कुईकुई करतो, मूल दचकतं, हसतं, आणि पुढचा अर्धा तास तुम्हाला मोकळा मिळतो. कडक उन्हाळ्यात प्राण्यांना त्रास होतो म्हणून हा कोपरा बंद ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करा. शेजारीच हेइसेई तेइएन ही जपानी बाग आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलेल्यांना इथली तळी आणि दगडांची मांडणी ओळखीची वाटेल. ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर बांधलेलं आहे.

कासाई स्टेशनच्या पुलाखाली भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे. मोठ्यांना २२० येन, मुलांना १००. जपानची पहिली भुयारी रेल्वे ३० डिसेंबर १९२७ ला उएनो ते असाकुसा धावली, तिचा पिवळा १००१ क्रमांकाचा डबा इथे उभा आहे. गाडी चालवायच्या यंत्रांपुढे रांग लागते, म्हणून उघडतानाच जा. पावसाळी दिवसासाठी याहून स्वस्त आणि बरं ठिकाण मला तरी माहीत नाही.

कासाई रिनकाई पार्क समुद्राकाठी आहे. बाग फुकट, धावायला मोकळं मैदान, वाळूचा किनारा. त्यातलं मत्स्यालय १९८९ चं. मोठ्यांना ७०० येन, प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना काही नाही. मोठ्या गोल टाकीत ट्यूना मासे न थांबता फिरत असतात, त्यांच्यापुढे खाली बसायला जागा आहे. हे बुधवारी बंद असतं. ४ मे, १ ऑक्टोबर आणि १० ऑक्टोबरला मोठ्यांनाही प्रवेश फुकट, पण त्या दिवशी गर्दी इतकी, की सातशे येन देऊन एरवी गेलेलं परवडतं. वर्षाचा पास चार तिकिटांच्या किमतीत मिळतो. आजूबाजूला राहत असाल तर तोच काढा, म्हणजे तासाभरात कंटाळून परत निघताना जीव हळहळत नाही. बाहेरचा ११७ मीटर उंच आकाशपाळणा स्वच्छ थंडीच्या दिवसासाठी राखून ठेवा, तेव्हा त्यातून फुजी दिसतो.

शिनोझाकी आणि नागिसा या दोन ठिकाणी वॉर्डाची पोनी लँड आहे. सहावीपर्यंतच्या मुलांना तट्टावरून फेरी फुकट. पाऊस आणि चिखल असला तर बंद. आणि फुरुकावा शिनसुई कोएन: घाण झालेल्या जुन्या कालव्याला १९७३ मध्ये स्वच्छ करून मुलांना पाय बुडवता येतील असा ओढा तयार केला, देशातला असा पहिला. उन्हाळ्यात बऱ्याच बागांत जाबुजाबु-इके म्हणजे घोट्याएवढ्या पाण्याची तळी सुरू होतात. डायपर घालणाऱ्या मुलांना त्यांत बहुतेक ठिकाणी सोडत नाहीत, तोच नियम पोहण्याच्या तलावांना आणि गरम झऱ्यांच्या स्नानगृहांनाही. टोकियोतल्या सार्वजनिक स्नानगृहांत सात वर्षांच्या मुलाला आईबरोबर बायकांच्या बाजूला जाता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

पाऊस किंवा ऑगस्टची दुपार असेल तर जिदोकान, म्हणजे मुलांची केंद्रं. खेळणी, चटया, बाळांसाठी वेगळी खोली, सगळं फुकट. जपानी न येणाऱ्या आईला ओळखी व्हायला याच्याइतकी सोपी जागा नाही. बाळ किती महिन्यांचं, एवढ्या एका प्रश्नावर मैत्री सुरू होते.

लांब जायचं तर

उएनोला तोझाई लाइननं निहोनबाशी गाठून गिन्झा लाइन पकडा. १८८२ चं प्राणिसंग्रहालय देशातलं सर्वांत जुनं. मोठ्यांना ६०० येन, प्राथमिकपर्यंत फुकट. शेजारच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात बारावीपर्यंतच्या मुलांना कायमचं दालन मोफत. दोन्ही एका दिवसात करायचा हट्ट मात्र करू नका.

सह्याद्रीची सवय असलेल्यांनी ताकाओ डोंगर चढावा. उंची ५९९ मीटर, शिंजुकूहून केइओ लाइननं तासाभरात पायथा. पहिली वाट बरीचशी फरसबंदीची, निम्म्यापर्यंत केबल कार जाते, आणि तिचा चढ ३१ अंशांहून थोडा जास्त, जपानमधल्या केबल कारमध्ये सर्वांत तीव्र. वाटेत याकुओ-इन देऊळ लागतं. वरच्या सोबाच्या दुकानांत दाशी असणारच, तेव्हा पिठलं-भाकरीची आठवण डब्यानंच भागवा. नोव्हेंबरच्या रविवारी पानं लाल झाल्यावर केबल कारसाठी भली मोठी रांग लागते. त्या महिन्यात सकाळी आठला पायथ्याशी हवं.

भाड्यानं गाडी घेतलीत तर सहा वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट कायद्यानं लागते, बुकिंग करतानाच सांगा. आणि सहलीच्या पिशवीत दोन रिकाम्या पिशव्या कायम ठेवा. रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नसतातच, डायपरसकट सगळं घरी परत आणावं लागतं. डायपर बदलायला मॉलमधल्या बेबी रूम शोधा. गरम पाणी, पडदा लावलेली दूध पाजायची जागा, सगळं असतं.

एप्रिलअखेर ते मेची सुरुवात, ऑगस्टचा मध्य आणि नववर्ष या तीन वेळा सगळा देश एकदम बाहेर पडतो. तेव्हा शहरातच राहा. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी सरकारी ठिकाणं आणि बहुतेक दवाखाने बंद असतात.

पूर आणि भूकंप

एदोगावाच्या जमिनीचा सुमारे ७० टक्के भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डानं घरोघरी दिलेल्या पुराच्या नकाशावर वॉर्डाच्या जागी चक्क छापलं होतं, "इथे थांबू नका." मोठं चक्रीवादळ येणार असं कळलं की वॉर्डाबाहेर कुणाकडे जायचं ते आजच ठरवा, पश्चिम टोकियोत राहणारं एखादं ओळखीचं कुटुंब असेल तर तसं बोलून ठेवा. भूकंपासाठी कपाटं भिंतीला टेकून घट्ट करा, दाराजवळ पिशवीत पाणी, विजेरी, डायपर, मुलांचा सुका खाऊ, औषधं आणि सुट्टी नाणी ठेवा. लाडू-चिवडा टिकतो, तो त्यात छान बसतो. रोज संध्याकाळी भोंग्यावरून वाजणारी धून ही आपत्तीच्या इशाऱ्याच्या यंत्रणेची चाचणी असते. मुलांना ती "आता घरी" म्हणून शिकवा, इथली मुलं तीच ऐकून बागेतून निघतात.

आई-बाबा यायच्या आधी

नातेवाईकांच्या भेटीचा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा. आल्या आल्या आईनं गाडीत विचारलं होतं, "अगं, इथे कुणी बोलत कसं नाही? भांडण झालंय का सगळ्यांचं?" आणि फोनवर मावशीशी मोठ्यानं गप्पा सुरू केल्या. गाडीत फोनवर बोलायचं नाही, एवढं त्यांना निघण्यापूर्वीच सांगा.

जपानचा आरोग्यविमा त्यांना लागू होत नाही, म्हणून भारतातूनच प्रवासविमा काढा, आधीपासूनच्या आजारांसह. बीपी-शुगरची डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्याच्या आत असतील तर तशीच आणता येतात. तीन महिन्यांची आणायची असतील तर युन्यू काकुनिन-शो ही परवानगी निघण्यापूर्वी ऑनलाइन घ्यावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांमधल्या स्यूडोएफेड्रिनवर आणि खोकल्याच्या औषधांमधल्या कोडीनवर इथे निर्बंध आहेत, त्या पिशवीत नकोत. ताजी फळं, कढीपत्ता, भाज्या रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर काढून घेतात. भारतीय आंब्यावरची बंदी जपाननं २००६ मध्ये उठवली, पण ती उष्ण वाफेची प्रक्रिया करून व्यापारी मार्गानं येणाऱ्या आंब्यापुरती. बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली हापूसची पेटी त्यात बसत नाही. आटवलेल्या रसाचा सीलबंद डबा आणायला सांगा.